पाटी न पुसणारे गणित

शाळेच्या फळ्यावर कुणी ‘क्ष = क्ष + १’ असे लिहिले, तर गणिताचे मास्तर ते खोडून टाकतील आणि लिहिणाऱ्याला बाकावर उभे करतील. कारण उघड आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला की शून्य बरोबर एक असे निघते, आणि शून्य बरोबर एक झाले की साऱ्या गणिताचे दिवाळे वाजलेच म्हणून समजावे. पण हेच पोर दोन जिने चढून संगणकाच्या खोलीत गेले, की तिथले मास्तर त्याच ओळीला शाबासकी देतात. तिथे त्या ओळीचा अर्थ निराळा असतो. क्ष नावाच्या कप्प्यात जे असेल ते काढ, त्यात एक मिळव, आणि जुने पुसून नवे तिथेच लिही! चिन्ह बरोबरीचेच, पण एका खोलीत ते सत्य सांगते आणि दुसऱ्या खोलीत हुकूम सोडते. मी शिकवतो त्या वयाच्या मुलांना या दोन खोल्यांमधल्या जिन्यात हटकून ठेच लागते, आणि ती त्यांच्या मंदपणाने लागत नाही. उलट ज्याला बीजगणित नीट समजले आहे त्यालाच ती जोरात लागते.

जगातल्या काही फार बुद्धिमान माणसांनाही ती लागली, आणि जिन्याच्या दोन्ही टोकांना एकच गणित चालावे म्हणून त्यांनी पन्नास-साठ वर्षे खटपट केली. त्या खटपटीची ही हकीकत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पुढे चिन्हांचे जंगल लागेल अशी धास्ती वाचकांनी बाळगू नये. अनारसे, हजेरीपट आणि वरळीच्या चाळी एवढ्या सामग्रीवर काम भागण्यासारखे आहे.

आधी पाटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा अंकीय संगणक मुंबईतच उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन १९५४ साली आले, त्यांच्या तुकडीने आधी एक लहानसे चाचणीयंत्र बांधले, मग मोठे यंत्र १९६० साली चालू केले; आणि जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले तेव्हा त्यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. या यंत्राच्या स्मृतीत १०२४ कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात शून्य किंवा एक असे ४० अंक मावत. आमच्या वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या एका इमारतीत ८० खोल्या. त्या हिशेबाने टिफ्रॅकच्या साऱ्या स्मृतीला तेरा चाळीसुद्धा पुरत्या लागल्या नसत्या. पण तेवढ्या कप्प्यांवर त्या काळच्या शास्त्रज्ञांनी खरोखरीची गणिते सोडवली. कशी? अमक्या कप्प्यातले उचल, तमक्यातल्यात मिळव, बेरीज ढमक्यात ठेव. ढमक्यात आधी काय होते? ते गेले. शाळकरी पाटीसारखेच. थुंकी लावली, पुसले, नवे लिहिले.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. एक माणूस आणि एक पाटी असेल तोवर काहीच नाही. पण आज्ञावली लाखभर ओळींची झाली आणि तिच्यावर पन्नास माणसांचे हात फिरू लागले, की कुठल्या खोलीतल्या कुणी कुठला कप्पा केव्हा पुसला याचा पत्ता लागत नाही. ‘दोन अधिक दोन’ विचारले तर चार मिळतात, पण विचारता विचारता शेजारच्या पाटीवरचा एक आकडा गुपचूप बदललेला असतो. मोठ्या एकत्र कुटुंबात साखरेच्या डब्याचे जे होते तेच.

हे दुखणे ज्यांनी चव्हाट्यावर मांडले त्यांत जॉन बॅकस यांचे नाव मोठे. गंमत अशी की, पाटीपुसू पद्धतीची पहिली लोकप्रिय भाषा ‘फोर्ट्रान’ ही १९५७ साली यांच्याच नेतृत्वाखाली झाली होती. आणि १९७७ साली ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना जे व्याख्यान त्यांनी दिले, त्यात या सबंध पद्धतीच्या कचाट्यातून सुटता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच टाकला. स्वतः बांधलेल्या देवळाच्या पायरीवर उभे राहून असे विचारायला छाती लागते. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे आज्ञावली ही आज्ञांची रांग नसावी, तर गणितातल्या फलनांची गुंफण असावी. फलन म्हणजे एक टाकले की दुसरे निघते असा संबंध. वर्गमूळ हे फलन आहे. नऊ टाकले की तीन. सकाळी टाका, संध्याकाळी टाका, पावसात टाका, तीनच. ते कुणाची पाटी पुसत नाही.

कल्पना नवी नव्हती. प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी १९३० नंतरच्या दशकात, म्हणजे संगणक जन्मण्याच्या आधी, नुसत्या फलनांचे एक शास्त्र रचले होते. त्याच सुमारास अमेरिकेतच हॅस्केल करी नावाचे तर्कशास्त्रज्ञ थोड्या निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले होते. (आमच्या लालबागेजवळच्या करी रोड स्टेशनाचा या करींशी काही संबंध नाही, पण मुंबईकराला हे नाव परके वाटत नाही एवढे खरे.) पुढे १९५८ पासून जॉन मॅकार्थी यांची ‘लिस्प’ आली, १९८५ साली डेव्हिड टर्नर यांची ‘मिरांडा’ आली. १९८७ च्या सप्टेंबरात ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावी या विषयाच्या पंडितांची परिषद भरली, तेव्हा असे दिसून आले की शुद्ध फलनांच्या डझनावारी भाषा झाल्या आहेत, प्रत्येक पंडिताची चूल वेगळी आहे, आणि म्हणून कुणाच्याच पंगतीला माणसे नाहीत. तेव्हा सर्वांनी मिळून एकच भाषा करावी असे ठरले आणि समिती नेमली गेली.

समितीने भाषा करावी ही कल्पनाच हास्यास्पद वाटते, पण या समितीने ती केली. तिच्या पहिल्या अहवालावर जी नावे आहेत त्यांत अरविंद आणि ऋषियूर निखिल ही दोन भारतीय नावे आहेत. दोघेही कानपूरच्या आय.आय.टी.तून निघून पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत काम करणारे. नाव ठेवण्याची बैठक जानेवारी १९८८ मध्ये येल विद्यापीठात झाली. आधी ‘करी’ हे नाव पुढे आले होते; पण करी म्हटले की लोकांना रस्सा आठवणार आणि विनोदांना ऊत येणार, म्हणून आडनाव सोडून नाव घेतले: ‘हॅस्केल’. करी १९८२ सालीच वारले होते. तेव्हा रीतसर परवानगीसाठी समितीच्या वतीने त्यांच्या पत्नींना पत्र लिहिले गेले. बाईंनी होकार दिला, आणि पुढे एका भेटीत निरोप घेता घेता सांगितले, की यजमानांना स्वतःला मात्र हॅस्केल हे नाव कधीच आवडत नसे!

आता हजेरीपटाकडे वळू. या भाषेत प्रत्येक गोष्टीला एक प्रकार असतो. संख्या हा प्रकार, अक्षर हा प्रकार, संख्यांची यादी हा आणखी एक प्रकार. यंत्र काम सुरू करण्याआधीच प्रकार तपासते आणि संख्येच्या जागी अक्षर आले तर दारातूनच परत पाठवते. ठीक आहे. पण समजा, मला यादी क्रमाने लावणारे एक फलन लिहायचे आहे. मुलांची नावे अकारविल्हे लावता येतात, त्यांची उंची लावता येते, परीक्षेचे गुण लावता येतात. लावण्याची युक्ती तिन्हींना एकच. मग तीच युक्ती तीनदा का लिहावी? एकदाच लिहून ‘कशाचीही यादी चालेल’ असे म्हणावे, तर तेही खोटे. कारण कशालाही क्रम नसतो. मोगऱ्याचा वास आणि रॉकेलचा वास यांत मोठा कोणता? फलनांनाही क्रम लावता येत नाही. तेव्हा ‘कशाचीही’ हे फार झाले आणि ‘फक्त संख्यांची’ हे फार थोडे झाले.

या मधल्या जागेवरचा तोडगा फिलिप वॉडलर यांनी काढला. समितीच्या मंडळींना २४ फेब्रुवारी १९८८ रोजी धाडलेल्या पत्रात तो प्रथम अवतरला, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावच्या परिषदेत वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी तो रीतसर मांडला. त्याचे नाव टाइप क्लास, म्हणजे प्रकारांचा वर्ग. ‘क्रम लावता येण्याजोगे’ असा एक वर्ग करायचा. त्या वर्गात बसू इच्छिणाऱ्या प्रकाराने दाखला आणायचा: माझ्यातले दोन घेतले तर लहान कोणता हे अशा रीतीने ठरवावे. संख्या आपला दाखला आणतात, अक्षरे आपला आणतात, वास बाहेर राहतात. आणि क्रम लावणाऱ्या फलनाच्या कपाळावरच अट लिहायची: ‘जो प्रकार क्रमवाल्या वर्गात बसतो, त्याचीच यादी द्या.’ अट आत कुठे दडवायची नाही, कपाळावर लिहायची, ही यातली खरी गोम. ती मूळ सुचली जो फासेल या समितीतल्या गृहस्थांना. एका बैठकीनंतर ते वॉडलरांशी बोलत होते. फासेल यांच्या मनात योजना होती निराळीच; वॉडलर यांनी ती भलतीच समजून घेतली, आणि त्या गैरसमजातून टाइप क्लास जन्मले! त्या मंडळींनीच पुढे लिहिलेल्या इतिहासात ही कबुली आहे.

एका वर्गाची अट दुसऱ्या वर्गावरही घालता येते. लहानमोठे ठरवता येते त्याला ‘सारखे’ही ठरवता आलेच पाहिजे, म्हणून क्रमाच्या वर्गात बसण्याआधी बरोबरीच्या वर्गात नाव असणे आवश्यक. चौथी पास झाल्यावाचून पाचवीत नाही, तसेच. आत यंत्रात काय घडते, तर ज्या फलनाच्या कपाळी अट आहे त्याला यंत्र गुपचूप एक लहानशी वही देते, आणि तुलना कशी करायची ते त्या प्रकारापुरते तिच्यात लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला ती वही दिसत नाही. आपल्याकडच्यांना यात पाणिनीची आठवण व्हावी. अष्टाध्यायीत एखादे अधिकारसूत्र एकदाच सांगितलेले असते आणि पुढच्या शेकडो सूत्रांवर त्याचा अंमल न बोलता चालतो. पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली असे सुचवले होते, की संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या ज्या पद्धतीला बॅकस यांचे नाव आहे, तिला पाणिनीचेही नाव जोडावे. ते फारसे कुणी मनावर घेतले नाही, हा भाग अलाहिदा.

असो. हॅस्केलचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला. तारीख पाहून हसू येईल, पण अहवाल खरा होता. भाषा देखणी होती, प्रकार चोख होते, वर्ग चोख होते, आणि एक फार मोठी अडचण होती. तिला बाहेरच्या जगाशी धड बोलता येत नव्हते.

का ते पाहा. ही भाषा दोन गोष्टींत कडक. एक, ती आळशी आहे. हा शब्द तिच्या कर्त्यांचाच. एखाद्या उत्तराची गरज पडेपर्यंत ती ते काढतच नाही. दोन, ती सोवळी आहे. फलनाने टाकलेल्याचे उत्तर द्यावे, बाकी कशाला शिवू नये. दुसरी गोष्ट पहिलीतून येते. कुठले काम कधी होईल याचा नेम नाही, तर मध्येच ‘पडद्यावर अमुक लिही’ म्हणून कसे चालेल? ते आधी लिहिले जाईल, नंतर लिहिले जाईल, की लिहिलेच जाणार नाही? आळसाने सोवळे पाळायला लावले, असा हा प्रकार. पण जगात राहायचे तर ओवळे कुणाला चुकले आहे? कळफलकावरचे वाचायचे, पडद्यावर लिहायचे, बँकेच्या खात्यातून पैसे काढायचे, हे सगळे ओवळेच. कारण एकदा पैसे काढले आणि पुन्हा तोच हुकूम दिला, तर उत्तर तेच येत नाही! पहिल्या अहवालात त्यावर एक तोडगा होता तो असा: आज्ञावलीने विनंत्यांची एक लांबलचक यादी लिहून द्यायची आणि जगाने उत्तरांची यादी पाठवायची. कागदावर छान. पण चौथ्या पत्राचे उत्तर आल्यावाचून पाचवे पत्र लिहिता येत नाही, आणि उत्तर पत्राआधी उघडले तर सगळेच खोळंबते, असा तो व्यवहार. वापरणारे कंटाळले.

सुटका आली ती फार दूरच्या घरातून. गणितात ‘कॅटेगरी’ नावाची एक अतिसूक्ष्म शाखा आहे; आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी ती १९४५ साली मांडली. तिच्यात ‘मोनॅड’ नावाची एक रचना आहे. इटलीतून एडिंबरोला आलेले युजेनिओ मोज्जी यांनी १९८९ साली असे दाखवले, की आज्ञावलीतल्या नाना तऱ्हांच्या ओवळ्या कामांचा अर्थ या एकाच रचनेत सांगता येतो. मोज्जींना भाषा करायची नव्हती, अर्थ सांगायचा होता. वॉडलर यांनी ते वाचले आणि ओळखले, की अर्थ सांगण्याची ही रीत आज्ञावली लिहिण्याचीही रीत होऊ शकेल. १९९३ च्या जानेवारीत सायमन पेटन जोन्स आणि त्यांनी मिळून बाहेरच्या जगाशी बोलण्याचे कामच मोनॅडवर बसवून दाखवले.

ही युक्ती दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरातच समजून घ्यावी. अनारशाची कृती घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, पाणी रोज बदलावे, चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर सुकवावेत, कुटून चाळून गूळ मिसळावा, मग खसखशीवर थापून तळावेत. ही कृती मी वहीत उतरवून घेतली, शेजारणीला वाचून दाखवली, दहा जणींना टपालाने पाठवली. तुपाचा एक थेंब तरी सांडला का? कुणाचे बोट भाजले का? कृती वाचून अनारसे होत नाहीत. ती शंभरदा वाचली तरी तीच राहते. म्हणजे कृती ही सोवळी वस्तू आहे, वर्णन ओवळ्या कामाचे असले तरी. हॅस्केलमध्ये ‘पडद्यावर लिही’ ही अशीच कृती असते. ती लिहिणे नव्हे, लिहिण्याची चिठ्ठी आहे. आज्ञावली फक्त चिठ्ठ्या रचते. शेवटी एकच मोठी चिठ्ठी तयार होते आणि यंत्र ती स्वयंपाकघरात नेऊन अमलात आणते.

मग मोनॅड कुठे आला? तो चिठ्ठ्या जोडण्यात आहे. दोनच गोष्टी लागतात. एक, हाती असलेली साधी वस्तू चिठ्ठीच्या वेष्टनात घालता यावी: ‘काही करू नकोस, हे पीठ जसेच्या तसे दे’ अशी चिठ्ठी. दुसरी, जोडणी: ‘पहिल्या चिठ्ठीतून जे निघेल ते हाती घे, आणि ते पाहून पुढची चिठ्ठी ठरव.’ पीठ सैल झाले तर अमुक कर, घट्ट झाले तर तमुक कर. दोन कृती जोडून तिसरी कृती होते, आणि तीही कृतीच असते, अनारसा नव्हे. आधी काय आणि मग काय, हा क्रम जोडणीनेच बांधला गेल्यामुळे भाषेच्या आळशीपणाचा उपद्रव उरत नाही. शिवाय प्रत्येक चिठ्ठीवर ‘ओवळे’ असा शिक्का असतो. ज्या फलनावर तो नाही ते जगाला शिवत नाही याची खात्री बाळगावी. आजीच्या सोवळ्याने माणसांना दूर ठेवले. हे सोवळे कुणाला दूर ठेवत नाही, कोण कशाला शिवले तेवढे लिहून ठेवते.

मोनॅड हा एवढ्यावरच संपला असता तर मी त्याच्यावर इतकी शाई खर्च केली नसती. त्याचे वेड लागते ते यासाठी, की तीच जोडणी भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटते. वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण १२१ इमारती. आता पुनर्विकासात त्या पडत आहेत आणि त्यांच्या जागी मनोरे उठत आहेत. पण कल्पना करा, की सगळ्या उभ्या आहेत आणि गावाहून आलेला एक पाहुणा नातेवाइकाला शोधतो आहे. नावावरून चाळीचा नंबर काढायचा, चाळीवरून खोली, खोलीवरून माणूस. प्रत्येक टप्प्याला उत्तर ‘सापडले, हे घ्या’ असे येईल किंवा ‘नाही’ असे येईल. साध्या रीतीने आज्ञावली लिहिली तर दर पायरीला विचारावे लागते: सापडले का? नसेल तर परत फीर. असेल तर पुढे. सापडले का? नसेल तर… तीन पायऱ्यांत डोके फिरते, तीसांत काय होईल! आता जोडणीलाच शिकवून ठेवा, की ‘नाही’ आले तर पुढची चिठ्ठी उघडूच नकोस, थेट ‘नाही’ म्हण. मग आज्ञावलीत फक्त तीन टप्पे दिसतात: चाळ, खोली, माणूस. तपासणी जोडणीच्या पोटात गेली. शंकाकुशंका एकाच जागी, सरळ वाट सगळीकडे.

याद्यांचाही मोनॅड होतो. एका प्रश्नाची अनेक उत्तरे असतील, तर जोडणी प्रत्येक उत्तर घेऊन पुढे जाते आणि सगळ्यांची मिळून एक यादी करते. खर्चाची टिपणे ठेवणाऱ्या कामांचाही होतो. एवढेच नव्हे, तर पाटीचाही होतो! ‘पाटी घे, उत्तर आणि नवी पाटी दे’ अशा चिठ्ठ्या जोडत गेले, की पुसण्याचे सगळे सुख मिळते आणि प्रत्यक्ष काहीच पुसलेले नसते.

इथे हजेरीपट आणि अनारसे एकत्र येतात. इतकी निरनिराळी भांडी आणि जोडणी एकाच घाटाची, तर ‘मोनॅड’ हाच एक वर्ग का करू नये? अडचण एवढीच, की आजवर वर्गात बसत होते ते प्रकार, आणि ‘यादी’ हा पुरता प्रकार नव्हे. यादी कशाची? संख्यांची की नावांची? ते सांगेपर्यंत ती नुसते रिकामे भांडे. खाऊंचे वर्ग होते, डब्यांचे नव्हते. मार्क जोन्स यांनी १९९३ साली डब्यांचेही वर्ग करता येतात हे दाखवले. १९९६ साली हॅस्केलच्या १.३ या आवृत्तीत ते स्थिरावले, आणि जगाशी बोलण्याची जुनी पत्रापत्री बंद होऊन मोनॅडची रीत अधिकृत झाली. आता एखाद्या फलनाच्या कपाळावर ‘डबा कोणताही चालेल, मोनॅड असला म्हणजे झाले’ अशी अट लिहिता येऊ लागली. ‘यादीतल्या प्रत्येक मुलासाठी सांगितलेले काम ओळीने कर’ हे फलन एकदाच लिहायचे. शोधाच्या चिठ्ठ्या दिल्या तर पहिला न सापडणारा आला की ते थांबते. जगाच्या चिठ्ठ्या दिल्या तर एकेकाचे नाव पडद्यावर येते. टिपणाच्या दिल्या तर वही भरते. लिहिणाऱ्याला यातले काहीच ठाऊक असण्याची गरज नाही.

अटीविषयी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. अट जितकी हलकी तितके आत येणारे अधिक. पण फलन लिहिणाऱ्याचे हात तितकेच बांधलेले. अट नुसत्या बरोबरीची असेल, तर आत लहानमोठे करता येत नाही. आणि म्हणून अट वाचूनच कळते, की हा गृहस्थ काय काय करणार नाही. कमी मागणाऱ्याचा भरवसा अधिक, असे व्यवहारात आपण म्हणतो. इथे ते यंत्र तपासून देते. मात्र सगळेच तपासत नाही. मोनॅडचे तीन कायदे आहेत. नुसते वेष्टन घालून पुढे दिले तर फरक पडू नये. शेवटी नुसते वेष्टन घातले तरी पडू नये. आणि तीन टप्प्यांतले पहिले दोन आधी जोडले काय किंवा शेवटचे दोन आधी जोडले काय, फळ तेच यावे. दाखला आणला की नाही हे यंत्र पाहते; दाखला आणणारा हे कायदे पाळतो की नाही, हे ते पाहत नाही. ते त्याच्या इमानावर सोडलेले आहे. शाळेच्या प्रवेशअर्जात जन्माचा दाखला तपासतात आणि वर्तणुकीच्या हमीवर नुसती सही घेतात, तशातला प्रकार.

मोनॅड या नावाने मात्र या कल्पनेचे नुकसान केले असे माझे ठाम मत आहे. नाव ऐकूनच निम्मी माणसे पळतात, आणि उरलेली समजल्यावर इतरांना समजावून सांगण्याच्या फंदात पडून त्यांना पळवतात. साध्या ‘जोडणी’सारख्या एखाद्या नावाने हे काम झाले असते.

या कथेतला मुंबईचा धागा टिफ्रॅकवर संपत नाही. १९८९ साली ऑस्टिनला टाइप क्लास आणि १९९३ साली चार्ल्स्टनला मोनॅडची ती जगाशी बोलणारी रीत ज्या वार्षिक परिषदेपुढे मांडली गेली, तिचे बेचाळिसावे अधिवेशन जानेवारी २०१५ मध्ये भरले ते आपल्या मुंबईत. संक्रांतीचे दिवस होते. ज्यांच्या कागदांवर ही शास्त्रे वाढली त्या जगातली मंडळी या शहरात उतरली आणि गेली. वर्तमानपत्रांत क्रिकेटला जेवढी जागा मिळते तिच्या शतांशही त्यांना मिळाली नाही.

त्या वर्षी हॅस्केलच्या दुनियेत एक जुने कौटुंबिक प्रकरण निकालात निघायचे होते. मोनॅडहून थोडी हलकी अशी एक रचना आहे, तिचे नाव ‘ॲप्लिकेटिव्ह’. तिच्यात चिठ्ठ्या जोडता येतात, पण पहिलीतून काय निघाले ते पाहून दुसरी बदलता येत नाही. पीठ कसेही होवो, ठरले तेच करायचे. जे मोनॅड आहे ते ॲप्लिकेटिव्ह असतेच. तेव्हा क्रमाच्या आधी बरोबरी, तशी मोनॅडच्या आधी ॲप्लिकेटिव्ह अशी अट हवी होती. पण मॅकब्राइड आणि पॅटरसन यांचा ॲप्लिकेटिव्हवरचा निबंध प्रसिद्ध झाला २००८ साली, आणि मोनॅडचा वर्ग त्याआधी डझनभर वर्षे भरत होता. नात आधी जन्मली, आजी नंतर! नातीच्या दाखल्यावर आजीचे नाव घालायचे म्हटले, तर जगभरच्या जुन्या आज्ञावल्यांतले मोनॅड एका रात्रीत वर्गाबाहेर पडणार. वर्षानुवर्षे वाद चालला. एक पक्ष म्हणे, नाते खरे आहे तर दाखल्यावर दिसलेच पाहिजे. दुसरा म्हणे, चाललेल्या गाड्या थांबवून वंशावळ शुद्ध करण्यात काय शहाणपण? दोन्ही बाजूंना तथ्य होते. ज्याने दुसऱ्याच्या भरवशावर हजारो ओळी लिहून ठेवल्या आहेत त्याच्या जागी बसून पाहिले, की दुसऱ्या पक्षाचा राग समजतो. २०१४ साली यंत्राने नुसत्या सूचना द्यायला सुरुवात केली: बाबांनो, दाखल्यावर आजीचे नाव नाही, पुढच्या वर्षी चालणार नाही. आणि मुंबईचे अधिवेशन आटोपून दोन महिने होतात न होतात तोच, २७ मार्च २०१५ रोजी, हॅस्केलच्या मुख्य अनुवादकाची ७.१० ही आवृत्ती निघाली आणि अट लागू झाली.

मग घरोघरच्या आज्ञावल्यांत जी दुरुस्ती झाली ती दोन-चार ओळींचीच, आणि बहुतेक ठिकाणी अगदी एकसारखी. मोनॅडच्या जोडणीवरून ॲप्लिकेटिव्हची जोडणी सहज बेतता येते. तेव्हा लोकांनी नातीच्याच पेटीतले कापड काढले, त्यातून आजीचे लुगडे बेतले, तिला नातीच्या आधी रांगेत उभे केले, आणि यंत्राने मुकाट्याने पुढचे काम हाती घेतले.